थेंब टिकला, म्हणून दाह शमला?

वनस्पतींतील प्रतिऑक्सिडीकारके नॅनोइमल्शनमध्ये, म्हणजे नॅनोपायसात घातली की जास्त टिकतात आणि दाहही अधिक कमी करतात, असे अनेक शोधनिबंध सांगतात. ही दोन वेगळी विधाने आहेत. ती वेगवेगळी तपासावीत.

हळदीतील कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि अल्कधर्मी द्रावणात लवकर विघटित होते. सुमारे १०० नॅनोमीटर व्यासाच्या तेलाच्या थेंबांत त्याला आसरा मिळतो. इथवर पटते. पण राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या ‘मृदुला’ डाळिंबाचा लाल रंग अँथोसायनिनांचा. ती पाण्यात विरघळतात, तेलाच्या थेंबात शिरत नाहीत. म्हणजे एकच उपाय सर्वांना लागू नाही.

दुसरे विधान अधिक कच्चे. डीपीपीएच चाचणीत जांभळे द्रावण फिके पडले, तर प्रतिऑक्सिडीकारक गुण दिसतो. शरीरातला दाह शमल्याचे सिद्ध होत नाही. कर्क्युमिन अशा अनेक चाचण्यांत फसवे निकाल देते, असा इशारा ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’तील आढाव्याने २०१७ साली दिला. शिवाय कर्क्युमिन नसलेले, नुसते तेल व पायसीकारक असलेले इमल्शन तुलनेला हवेच.

अशी बातमी वर्गात आली, तर विद्यार्थ्यांना आधी एवढेच विचारावे: तुलना कशाशी केली?