मास्तरीण कोणाची?

'मास्तर' हा शब्द बाहेरून मराठीत आला आणि हां हां म्हणता सगळीकडे पसरला. शाळेत मास्तर, पोस्टात मास्तर, स्टेशनात मास्तर, कपडे शिवणारा मास्तर, एसटीत तिकीट फाडणाराही मास्तरच! पुरुषाला हा शब्द कामावरून मिळाला. बाईला मात्र तो नवऱ्यावरून मिळाला. पाटलाची पाटलीण, वकिलाची वकिलीण, तशी मास्तरांची मास्तरीण. तिला अक्षरओळख नसली तरी चालायचं.

हा अर्थ बदलला तो बायका स्वतः शिकवायला उभ्या राहिल्या तेव्हा. 1848 साली जोतीरावांनी पुण्यात मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई तिथं शिकवू लागल्या. पुढं 1896 मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम सुरू केला. आपल्या समाजात मगनबाईंनी मुंबईत श्राविकाश्रम चालवला, सोलापुरात पंडिता सुमतीबाई शहा यांनी तेच काम वाढवलं. अशा संस्थांतून कितीतरी विधवा शिकल्या आणि शिक्षिका झाल्या. आता सांगा, जिचा नवराच हयात नाही ती कोणाची मास्तरीण? शब्दाला उत्तर बदलावंच लागलं. ती कोणाचीच नव्हे, ती स्वतःच मास्तरीण झाली.

पण बाईनं शब्द कमावला आणि लगेच त्याची चेष्टा सुरू झाली. 'आली मोठी मास्तरीण!', 'पुरे हं मास्तरीणबाई!' चेष्टा मास्तरांचीही झाली, नाही असं नाही. 'मास्तरडा' म्हणून लोकांनी त्यांना हिणवलंच. पण फरक बघा. त्याला हिणवलं ते तुटपुंज्या पगारावरून, फाटक्या कोटावरून. तिला हिणवलं ते तिनं कोणाची चूक दाखवली म्हणून. त्याचं दारिद्र्य लोकांना खुपलं, तिचं ज्ञान खुपलं.

आता शाळेत मास्तरीण कोणी म्हणत नाही. मॅडम, मिस, टीचर. आमच्या बेळगावकडच्या कन्नड शाळांत 'अक्कोरू' म्हणतात, त्यात 'अक्का'ची माया तरी आहे. मॅडम काय, बँकेतही आणि कचेरीतही! मान आहे, पण ती बाई काय काम करते हे त्या शब्दात नाही. मास्तरीण शब्द गेला तो फक्त वर्गातून. घरातल्या टोमण्यात तो अजून ठणठणीत आहे.

खरं तर आपल्याला हा घोळ पडायचं कारण नव्हतं. चतुर्विध संघात मुनी, आर्यिका, श्रावक, श्राविका असे चार जण मोजले आहेत. श्राविका म्हणजे श्रावकाची बायको नव्हे. व्रतं तिची, नियम तिचे, म्हणून ती श्राविका. नवरा व्रती असो वा नसो. इतकी स्वच्छ व्याख्या ज्यांच्या घरात आहे त्यांच्या कार्यक्रमपत्रिका मात्र वाचून बघा. प्रवचन करणाऱ्या पुरुषामागे 'पंडित'. आणि रविवारी पाठशाळेत तीस-चाळीस पोरांना णमोकारापासून तत्त्वार्थापर्यंत शिकवणारी बाई? तिच्यामागे 'सौ.' आणि नवऱ्याचं नाव.

म्हणजे शंभर वर्षं फिरून आपण पुन्हा मास्तरांच्या बायकोपाशीच! 'पंडिता' हा शब्द आपल्याकडे आहे, वापरून रुळलेला आहे. पुढची पत्रिका छापायला जाईल तेव्हा प्रूफ तपासणाऱ्या बाईनं एवढी एक दुरुस्ती करावी. कोणी 'आली मास्तरीण' म्हणालंच, तर म्हणू द्यावं.