तसबीर आणि नांव

छायाचित्र यंत्रानें निघतें, म्हणून तें निःपक्षपाती असतें, असा समज सुशिक्षितांतही रूढ आहे. विल्यम जॉन्सन याचा मुंबईच्या लोकांविषयींचा चित्रसंग्रह चाळला, म्हणजे हा समज टिकत नाहीं. 'ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्स' या नांवाचे त्याचे दोन भाग १८६३ व १८६६ सालीं निघाले. त्यांतील कित्येक चित्रें पाहण्यास खरोखर मनोहर आहेत. परंतु माणसें टिपलीं एका काचेवर आणि त्यांच्या मागचा देखावा आणला दुसऱ्या काचेवरून! उघड्यावर उभी दिसणारी मंडळी वस्तुतः स्टुडिओंत उभी होती.

ही जोडाजोड एक वेळ क्षम्य मानूं. अधिक खटकतें तें चित्रांखालचें लेखन. तेथें बहुधा ज्ञातीचा निर्देश आहे. माणसाचें नांव नाहीं. चेहरा एकाचा घेतला आणि तो समूहाचा नमुना म्हणून मांडला. पुढें सरकारी आश्रयानें १८६८ ते १८७५ या काळांत निघालेल्या 'पीपल ऑफ इंडिया'च्या आठ भागांतही हीच वर्गवारीची दृष्टि आहे.

याच सुमारास तसबिरीचा दुसराही उपयोग होऊं लागला होता. पॅरिसच्या दिस्देरीनें १८५४ सालीं एकाच काचेवर अनेक लहान चित्रें घेण्याच्या युक्तीचें पेटंट मिळविलें. तसबीर स्वस्त झाली आणि मध्यम स्थितीचा माणूस स्वखर्चानें कॅमेऱ्यापुढें बसूं लागला. अमेरिकेंत गुलामगिरींत जन्मलेली सोजर्नर ट्रूथ अशा तसबिरी विकून आपला चरितार्थ व कार्य चालवी. १८६४ सालीं तिनें त्यांचे हक्कही स्वतःच्या नांवानें नोंदविले. एका प्रसिद्ध तसबिरींत तिच्या हातीं विणकाम आहे, शेजारीं टेबलावर पुस्तक आहे. तिला वाचतां येत नव्हतें! तरीही त्या पुस्तकास लबाडी म्हणवत नाहीं. जगानें आपणांस कसें पाहावें हें तेथें तीच ठरवीत होती, आणि कार्डावर तिचें नांव छापलेलें होतें. मांडणी जॉन्सननेंही केली, तिनेंही केली; ती कोणाच्या इच्छेनें झाली, हें पाहिल्यावांचून तसबिरीचा अर्थ लागत नाहीं.

आमच्या घरीं एक जुनी तसबीर आहे. नऊवारी नेसलेली, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी असलेली ती बाई आमची पणजी, असें वडील सांगत. मागच्या बाजूस स्टुडिओचा शिक्का स्पष्ट आहे. तिचें नांव मात्र कोणीं लिहिलें नाहीं, आणि तें सांगूं शकेल असें माणूस आतां हयात नाहीं. जॉन्सनला दोष देतांना ही गोष्ट मनास टोंचल्यावांचून राहत नाहीं.