‘प्रदूषण म्हणजे अपव्यय’ : एका व्याख्येची मर्यादा

कारखानदारीच्या व्यूहनीतीत पर्यावरणव्यवस्थापनाला स्थान मिळवून देणाऱ्या लेखनात मायकेल पोर्टर व क्लास व्हान डेर लिंडे यांच्या १९९५ मधील दोन निबंधांचे महत्त्व निर्विवाद आहे. प्रदूषण हा बहुधा साधनसामग्रीचा अपव्यय असतो. नियमन कडक पण सुरचित असेल तर उत्पादक नवे मार्ग शोधतो व पुष्कळदा त्यात त्याचा लाभच होतो, हे त्यांचे प्रतिपादन. नेदरलँड्समधील फुलांच्या व्यवसायाचे त्यांचे उदाहरण बोलके आहे. मातीऐवजी पाणी व खनिज-लोकर यांत रोपे वाढवून तेच पाणी पुनःपुन्हा फिरविल्याने खते व कीटकनाशके कमी लागली आणि फुलांचा दर्जाही सुधारला.

या प्रतिपादनावर पामर, ओट्स व पोर्टनी यांनी त्याच वर्षी घेतलेला आक्षेप मुख्यतः हिशेबाचा होता : निवडक उदाहरणांवरून सर्वसाधारण नियम सिद्ध होत नाही. परंतु त्याहून मूलगामी प्रश्न व्याख्येचा आहे. ‘अपव्यय’ हा शब्द ज्याची वस्तू त्याच्याच हानीचा वाचक आहे. प्रदूषणाला अपव्यय म्हटले की हानी सोसणारा उत्पादक ठरतो. ज्याच्या विहिरीत सांडपाणी उतरले, तो त्या वाक्यात कोणत्याच विभक्तीत येत नाही.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. जपानातील मिनामाता येथे चिस्सो कंपनीच्या कारखान्यात ॲसिटाल्डिहाइड तयार करण्यासाठी उत्प्रेरक म्हणून पारा वापरीत. त्या प्रक्रियेत निर्माण झालेले मिथिल मर्क्युरी हे विषारी संयुग सांडपाण्याबरोबर समुद्रात आणि मासळीवाटे कोळ्यांच्या शरीरात गेले. रोगाची अधिकृत नोंद १९५६ मध्ये झाली. ती उत्पादनपद्धती मात्र मे १९६८ मध्ये, कालबाह्य ठरल्यावरच, बंद पडली. आणि रोगाचे कारण सरकारने मान्य केले ते त्याही नंतर, सप्टेंबरात. वाया गेलेल्या पाऱ्याची किंमत कंपनीच्या खतावणीत मांडता येत होती. कोळ्याच्या घरातील हानीला तीत रकाना नव्हता.

उभय लेखकांनी कडक नियमनाचाच पुरस्कार केला आहे, हे येथे विसरून चालणार नाही. तथापि नियमनाचे समर्थन उत्पादकाच्या लाभावर उभारले, तर जेथे लाभ नाही तेथे ते समर्थनही उरत नाही. अपव्यय टाळण्यास व्यूहनीती पुरेशी होईल. अपाय टाळण्यास सोसणाऱ्याच्या हक्काची भाषा लागते, आणि ती कायद्यालाच बोलावी लागते.