दगडाचें पाठशोधन

शुद्धि आणि चकाकी या दोन्ही गोष्टी एकच होत, असा समज आमच्याकडे फार रूढ आहे. काव्याच्या बाबतींत त्याचा समाचार टीकाकारांनीं वेळोवेळीं घेतला. दगडांच्या बाबतींत मात्र तो अद्याप निर्वेध नांदत आहे. विहिरीच्या उपशांत सांपडलेला स्फटिक जितका झगझगीत तितका उत्तम, असा निवाडा होतो. या निवाड्याची परीक्षा करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

माळशिरस हें ज्ञानोबांच्या पालखीच्या वाटेवरचें, नातेपुतें आणि वेळापूर यांच्या मधलें गांव. वारकऱ्यांच्या पायाखालचा येथील काळा पाषाण सुमारें ६.६ कोटि वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा आहे. तो थिजतांना त्यांत वायूचे बुडबुडे अडकले. मागाहून झिरपणाऱ्या ऊन पाण्यानें त्या पोकळ्यांत खनिजें सांठविलीं. विहीर खणतांना सुरुंगाबरोबर हीं कोठारें उघडीं पडतात. त्यांतून जें जें पांढरें निघतें तें तें लोकांच्या लेखीं 'गारगोटी'. येथेंच पहिली चूक होते. कारण शब्द एक, पदार्थ मात्र अनेक.

आमचाच अनुभव सांगतों. येथील एका शेतकरी गृहस्थानें, "गुरुजी, ही गारगोटी बघा," म्हणून माती व तांबूस गंज यांनीं माखलेला एक खडा आम्हांस दिला. त्यांत बारीक पांढऱ्या सुयांचा झुबका होता. गारेला हायड्रोक्लोरिक आम्ल बाधत नाहीं, एवढी पुस्तकी विद्या आमच्यापाशीं होती. तिच्या भरंवशावर आम्हीं तो रात्रभर त्या आम्लांत ठेवला. सकाळीं गंज गेला होता. पण सुयांचीं टोकेंही गेलीं होतीं, आणि त्यांच्या जागीं तांदळाच्या पेजेसारखा बुळबुळीत थर उरला होता. तो खडा स्कोलेसाइट होता. "धुऊन झाली का, गुरुजी?" या प्रश्नास त्या दिवशीं आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं.

तात्पर्य, ओळख पटल्यावांचून धुण्यास हात घालूं नये. खरी गार, म्हणजे क्वार्ट्झ, कांचेवर ओरखडा काढते. तिचें काठिन्य ७. कॅल्साइटाचें काठिन्य अवघें ३, आणि त्यावर आम्लाचा थेंब पडतांच फेस येतो. स्टिल्बाइट बांधलेल्या पेंढीसारखा दिसतो व त्याला मोत्याची झांक असते. ॲपोफिलाइट चौकोनी असून एकाच दिशेनें सहज फुटतो. तापविल्यास त्याचे पापुद्रे सुटतात, व त्याच्या ग्रीक नांवांत तोच अर्थ आहे. स्टिल्बाइट व स्कोलेसाइट ज्या कुळांतले, त्या झिओलाइटांना क्रॉन्स्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञानें १७५६ सालीं 'उकळणारा दगड' या अर्थाचें नांव दिलें. कारण तापवितांच त्यांतील पाणी उकळून बाहेर पडतें. या नांवांत स्वभाव सांगितला आहे. आमच्या 'गारगोटी'त तो झांकला गेला आहे.

धुण्याची रीत त्यामानानें सोपी आहे. मातीला साधें पाणी, थोडा साबण व मऊ कुंचला पुरेसा. सुयांना कुंचलाही नको, पाण्याची संथ धार द्यावी. क्वार्ट्झावरचा गंज ऑक्झॅलिक आम्लानें निघतो. पण तें विषारी असल्यामुळें हातमोजे व मोकळी हवा हवी. लोमोंटाइट तर कोरड्या हवेंत स्वतःचें पाणी गमावून भुगा होतो. त्याला न छेडणें हीच त्याची सेवा.

परंतु खरा प्रश्न काय काढावें हा नसून काय ठेवावें हा आहे. पोकळीच्या कडेचा हिरवा थर पुष्कळ लोक शेवाळ समजून खरवडून टाकतात. तो बहुधा सेलॅडोनाइट असतो. पोकळींत प्रथम जमणाऱ्या खनिजांपैकीं तो एक. तो गेला म्हणजे ग्रंथाचें पहिलें पानच गेलें! पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९६६ सालीं पुरी केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ति येथें आठवते. सुखटणकरादि संपादकांनीं आधीं पोथ्या ताडून पाहिल्या, मग प्रक्षिप्त भाग वगळला. आणि वगळलेलें फेंकून न देतां तळटीपांत व परिशिष्टांत ठेवलें. दगड धुणाराची नीति याहून निराळी असूं नये. आधीं ताडावें, थोडें काढावें, मूळ खडकाचा तुकडा सोबत राखावा, आणि गांवाचें नांव लिहून ठेवावें. ज्याचें स्थान हरवलें तो स्फटिक सुंदर असेल, परंतु तो साक्षीदार राहत नाहीं.

तो बिघडलेला खडा आम्हीं शेवटीं त्या गृहस्थांस दाखविला आणि झालेली चूक सांगितली. त्यांनीं तो परत घेतला नाहीं. आतां तो आमच्या टेबलावर असतो. खालीं चिठ्ठी आहे: "स्कोलेसाइट. माळशिरस, विहिरीचा उपसा. धुतांना बिघडला."