मोटारसायकलीची पारख

कोणत्याही घडविलेल्या वस्तूचें परीक्षण करावयाचें म्हणजे ती कशासाठीं निर्माण झाली, हें आधीं ठरविलें पाहिजे. घागर पाण्यासाठीं असते, वीणा नादासाठीं असते. परंतु कारखान्यांतून आलेली मोटारसायकल सुटी करून, तिचा सांगाडा कापून व टाकी नव्यानें ठोकून कारागीर जी एकुलती एक गाडी उभी करतो, ती रस्त्यासाठीं असते कीं डोळ्यांसाठीं? अशा गाड्यांचीं प्रदर्शनें अमेरिका, यूरोप व जपान येथें भरतात आणि बक्षिसेंही वांटलीं जातात. पण या मूळ प्रश्नाला बगल देऊनच निकाल लागतो, अशी आमची तक्रार आहे.

1998 सालीं न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानें ‘द आर्ट ऑफ द मोटरसायकल’ हें प्रदर्शन भरविलें. मांडणी फ्रँक गेरी या प्रसिद्ध वास्तुशिल्पज्ञाची होती. शंभराहून अधिक गाड्या तेथें होत्या आणि त्या पाहावयास 3 लाखांहून अधिक लोक आले. चित्रशिल्पांच्या मंदिरांत यंत्राला स्थान कसें मिळालें, असा आक्षेप तेव्हां कांहीं टीकाकारांनीं घेतला. तो आम्हांस मान्य नाहीं. हातानें घडविलेल्या वस्तूंत कला नसते, असें कोण म्हणेल? खरा दोष निराळाच आहे. जी वस्तु गतीसाठीं जन्मली, तिला आपण स्थिर ठेवून पाहतों, आणि स्थिर वस्तूचे गुण तिच्यावर लादतों.

‘चॉपर’ या जातीच्या गाडीचेंच उदाहरण घ्यावें. पुढचा चिमटा लांबवून आडवा केला कीं गाडीची रेषा मोठी डौलदार दिसते. सरळ मार्गावर ती स्थिर धांवतेही. परंतु तेंच पुढचें चाक मंद गतींत जड होतें व अरुंद वळणावर कलूं लागतें. मागच्या स्प्रिंगा काढून टाकल्या म्हणजे आकृति सुटसुटीत होते, पण प्रत्येक खड्डा स्वाराच्या कण्याला मोजावा लागतो. प्रेक्षक डौल पाहतो. किंमत कोणी दिली, हें त्याला दिसत नाहीं. परीक्षकाला तें दिसलें पाहिजे.

2004 पासून भरूं लागलेल्या ‘एएमडी’ जागतिक स्पर्धेनें एक चांगला उपाय काढला. तेथें स्पर्धक कारागीरच परस्परांच्या गाड्यांना गुण देत. जोड कोठें लपविला आहे, तारा सांगाड्याच्या नळींतून कशा नेल्या आहेत, हें हातांत वेल्डिंगची बत्ती धरणाऱ्यालाच कळावें, हें योग्यच आहे. मैफलींत गवयानें गवयाला दिलेल्या दादेचें मोल वेगळें असतें. तथापि या पद्धतीचा धोकाही तोच आहे. कारागीर कारागिराच्या अवघड कामावर भाळतो. मम्मटानें ‘काव्यप्रकाशां’त चित्रकाव्याला अधम काव्य म्हटलें, याचें कारण त्यांत कौशल्य कमी असतें हें नव्हे, तें कौशल्य कोणत्याही रसाच्या उपयोगी पडत नाहीं, हें आहे. अनेक पारितोषिकपात्र गाड्या अशा चित्रकाव्याच्या वर्गांतल्या वाटतात.

याच्या उलट, शिन्या किमुरा याचें काम पाहावें. 1992 सालीं यानें जपानांतील ओकाझाकी येथें ‘झीरो एंजिनियरिंग’ सुरू केलें व पुढें तो कॅलिफोर्नियांत स्थायिक झाला. पत्र्यावर हातोडीच्या खुणा तो राहूं देतो, चकाकीच्या मागें लागत नाहीं. 1915 सालची इंडियन गाडी घेऊन तो 2010 सालीं अमेरिका खंड ओलांडणाऱ्या ‘कॅननबॉल’ शर्यतींत स्वतः उतरला होता. त्याच्या आकृतींत रस्त्याची जाणीव आढळते, ती उगीच नव्हे.

दुसरी गोष्ट श्रेयाची. 1969 सालच्या ‘ईझी रायडर’ चित्रपटांतील तारांकित टाकीची गाडी जगांतील सर्वांत विख्यात चॉपर ठरली. गुगेनहाइममध्यें तिची प्रतिकृति मांडली गेली. परंतु ती गाडी घडविण्यांत क्लिफ वॉज व बेन हार्डी या कृष्णवर्णीय अमेरिकनांचा प्रमुख वांटा होता, ही गोष्ट कित्येक वर्षें थोड्यांनाच ठाऊक होती. नटांचीं नांवें लोकांच्या तोंडीं राहिलीं, घडविणारांचीं राहिलीं नाहींत. ज्या प्रदर्शनांत गाडीजवळ लोहार, रंगारी व गादी शिवणारा यांचीं नांवें नसतात, तें प्रदर्शन कलेचें नव्हे, बाजाराचें होय.

आपल्याकडेही ही हौस आतां रुजली आहे. गोव्यांत वागातोर येथें 2013 सालीं ‘इंडिया बाइक वीक’ प्रथम भरला, तेव्हांपासून अशा गाड्यांभोंवतीं तरुणांची दाटी दिसते. मात्र मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाचा अर्थ लावतांना सर्वोच्च न्यायालयानें 2019 सालीं स्पष्ट केलें, कीं उत्पादकानें दिलेल्या मूळ तपशिलांशीं विसंगत ठरेल असा बदल वाहनांत करतां येत नाहीं. सुरक्षिततेच्या दृष्टीनें हा निर्णय समजण्यासारखा आहे. पण त्याचा एक परिणाम असा, कीं सांगाडा कापून घडविलेली गाडी रस्त्याला पारखी होऊन केवळ प्रदर्शनाची वस्तु होण्याचा संभव वाढला. म्हणूनच येथील परीक्षकांवर अधिक जबाबदारी येते. निदान बंदिस्त मैदानावर तरी गाडी चालवून, वळवून, थांबवून पाहावी आणि मगच गुण द्यावे. जी गाडी उभी असतांना सुंदर आणि चालतांना अवघडलेली, तिला शिल्प म्हणून खुशाल गौरवावें. मोटारसायकल म्हणून नव्हे.