गाणाऱ्या मुलीचे आईवडील

आईवडील कर्णबधिर, मुलीला मात्र ऐकू येतं आणि तिचा जीव संगीतात रमलेला. या एका गोष्टीवर पंचवीस वर्षांत चार देशांत चार कौटुंबिक चित्रपट निघाले. १९९६ साली जर्मनीत कारोलिने लिंक यांनी क्लॅरिनेट वाजवणारी मुलगी दाखवली. त्याच वर्षी संजय लीला भन्साळींचा पहिला चित्रपट ‘खामोशी’ आला. २०१४ मध्ये फ्रान्सचा ‘ला फामीय बेलिए’ आला आणि त्यावरूनच २०२१ मध्ये शॉन हेडर यांनी अमेरिकेत ‘कोडा’ केला. प्रेक्षकाची नजर साहजिकच गाणाऱ्या मुलीवर खिळते. मी मात्र हे चित्रपट पाहताना एकच विचारत आलो: त्या आईवडिलांचं काम कोणी केलंय?

‘खामोशी’मधलं ब्रागांझा कुटुंब गोव्यातलं. नाना पाटेकर जोसेफ, सीमा बिस्वास फ्लेवी आणि मनीषा कोईराला त्यांची लेक ॲनी. नानांच्या डोळ्यांतली तगमग आजही अंगावर येते. पण आपण टाळ्या दिल्या त्या ऐकू येणाऱ्या नटाच्या मेहनतीला. ‘चौकट राजा’तल्या दिलीप प्रभावळकरांनाही आपण असंच डोक्यावर घेतलं होतं. दोन्ही कामं मोठी आहेत, यात मला शंका नाही. तरी अपंगत्व म्हणजे नटाची परीक्षा, असं समीकरण आपल्याकडे पक्कं झालं आणि त्यात भाषा मागे पडली. खुणांची भाषा म्हणजे नुसते हातवारे नव्हेत. वर गेलेली भुवई प्रश्न विचारते, ओठांचा आकार अर्थ बदलतो, हवेत नेमून दिलेल्या जागेवर माणूस ‘उभा’ राहतो. हे सगळं व्याकरण आहे. चार-सहा महिन्यांच्या तालमीत शब्द येतील, वेदनाही येईल. विनोद येणं फार कठीण.

‘कोडा’मध्ये तो येतो. ग्लॉस्टरच्या बंदरावरचा मच्छीमार फ्रँक चावट आहे, तोंडाळ आहे, मुलीला चारचौघांत लाजवतो. ते काम करणारे ट्रॉय कोत्सुर स्वतः कर्णबधिर आहेत. लहानपणापासून जगलेल्या भाषेत माणूस जसा वाह्यात बोलू शकतो, तसे ते बोलतात. एका भूमिकेसाठी ऐकू येणारा नट घ्यायचा विचार निघाला तेव्हा आईचं काम करणाऱ्या मार्ली मॅटलिन यांनी आपण चित्रपट सोडू, असं बजावलं होतं. १९८७ मध्ये ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या कर्णबधिर अभिनेत्री. पुढच्या कर्णबधिर कलावंताला, म्हणजे कोत्सुर यांना, तो मिळायला २०२२ उजाडलं. हेडर यांनी सेटवर खुणांच्या भाषेच्या जाणकारांनाही नेमलं होतं. कारण क्लोजअप जरा जास्त जवळ गेला की हात चौकटीबाहेर जातात आणि वाक्यच कापलं जातं.

शाळेच्या कार्यक्रमात मुलगी गात असताना आवाज अचानक बंद होतो. आपण बापाच्या खुर्चीत बसतो आणि आजूबाजूचे चेहरे वाचू लागतो. ही कल्पना मूळ फ्रेंच चित्रपटाची. पण तिथे आईवडिलांची कामं ऐकू येणाऱ्या नटांनी केली होती. कोत्सुर डोळे फिरवतात तेव्हा ती शांतता त्या माणसाच्या ओळखीची असते, आणि म्हणूनच तिचं वजन वेगळं पडतं.

‘कोडा’चंही मला सगळंच पटत नाही. अमेरिकेत १९९० पासून अपंगांच्या हक्कांचा कायदा आहे. तरी या घराचा सगळा व्यवहार एका शाळकरी मुलीच्या जिभेवर चालतो, कारण तिच्या घर सोडण्यातून नाट्य उभं करायचं आहे. जर्मन चित्रपटातल्या मुलीवरही हेच ओझं होतं. फ्रँक गाडीत ढोल घुमावा म्हणून गाणी कानठळ्या बसतील इतकी मोठ्याने लावतो. म्हणजे संगीताशी त्याचं नातं आहे. चित्रपट ते हसण्यावारी नेतो आणि बापाला पुन्हा संगीताच्या दाराबाहेर उभं करतो. पुढे रात्री तो लेकीच्या गळ्यावर हात ठेवून तिला गायला सांगतो, तेवढ्यापुरतं ते दार किलकिलं होतं.

२०११ च्या जनगणनेत आपल्याकडे श्रवणदोष असलेली सुमारे ५० लाख माणसं नोंदली गेली. भारतीय सांकेतिक भाषेसाठी २०१५ मध्ये दिल्लीत केंद्र सरकारची संस्थाही उभी राहिली. ‘मूकबधिर’ हा शब्द मात्र आपल्या तोंडून अजून जात नाही, जणू या माणसांना बोलायला भाषाच नाही. ‘खामोशी’ पुन्हा कुणी करायला घेतला, तर जोसेफ आणि फ्लेवीचा शोध पुण्या-मुंबईच्या कर्णबधिर शाळांतून शिकून बाहेर पडलेल्या माणसांत सुरू व्हावा. त्या घरात नवराबायको एकमेकांना कशावरून चिडवतात, रुसवा कसा काढतात, ते मला त्यांच्या भाषेत पाहायचं आहे.