रक्तातला मेद आणि ताटातला मेद

‘हृदयविकार चाळिशीनंतरचा’ हा समज मोडण्याचे मोठे श्रेय बोगालुसा-अभ्यासाला द्यायलाच हवे. अमेरिकेतील लुइझियाना राज्यातल्या या गावात १९७३ पासून मुलांचे वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल नोंदले गेले. अकाली, बहुतेक अपघाताने, दगावलेल्या २०४ जणांच्या (वय २ ते ३९) धमन्यांवरील निबंध १९९८ साली आला. आधीच्या नोंदी फक्त ९३ जणांच्या होत्या. लठ्ठपणासारखे धोके जितके अधिक एकवटलेले, तितके धमन्यांत मेदाचे थर अधिक!

पण येथे ताडून पाहिला तो रक्तातला मेद, ताटातला नव्हे. त्या आधारे लठ्ठ मुलाला नुसते ‘तूप सोड’ सांगणे आम्हाला पटत नाही. तुपाऐवजी शेंगदाण्याचे तेल आले तर एलडीएल कोलेस्टेरॉल उतरते. बिस्किटे-सरबते आली तर ट्रायग्लिसराइड चढते.